न लावलेली लाल पाटी

शहाद्यातल्या माझ्या जनावरांच्या दवाखान्यात भटूभाऊ बावीस वर्षं सफाई आणि मलमपट्टी करतात. त्यांच्या स्वच्छतेने मला कैकदा वैताग आणलाय. "डॉक्टर, हात धोयात का?" असं भर पेशंटांसमोर विचारायचे, आणि मी दवाखान्याची मालकीण असून मुकाट्याने पुन्हा धुवायची.

आमचा एक नियम फार कडक. कच्चं मांस खाणारा कुत्रा स्वतः ठणठणीत असला, तरी त्याच्या विष्ठेतून रोगजंतू पसरू शकतात. म्हणून त्याच्या पिंजऱ्याला लाल पाटी, भांडं वेगळं, पोछा वेगळा, सफाई सगळ्यात शेवटी. पाटी लावणं भटूभाऊंचं काम.

गेल्या हिवाळ्यात शीलाताईंनी पाय मोडलेला कुत्रा आणला. त्यांचं घर असं सोवळं, की अंड्याचं नावही निघत नाही. शीलाताई मात्र सासऱ्यांची नजर चुकवून त्याला गोठ्यामागे कोंबडीची कच्ची आतडी घालायच्या. सासरे रोज कुत्र्याला बघायला यायचे.

"पाटी लावू नका भाऊ," भटूभाऊंनी कुत्र्याचं खाणं विचारलं तेव्हा खरं सांगून शीलाताई कुजबुजल्या. "मामंजीले समजनं ते मन्हं घरमा ऱ्हावानं कठीन."

भटूभाऊ त्यांच्याच माहेरगावचे. त्यांनी केसपेपरवर आहार म्हणून 'दूध-भाकर' लिहिलं. भांडं आपणच वेगळं ठेवू, असं मनाशी ठरवलं. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात ही गर्दी उसळली, आणि ते भांडं बाकीच्यांत मिसळलं.

शेजारच्या पिंजऱ्यात तोरणमाळच्या पायथ्याकडच्या पाड्यावरून आलेल्या कमलीबाईंची काळी होती. शेळ्या राखणारी कुत्री. पोटाचं ऑपरेशन होऊन नुकती कुठे खायला लागली होती, तोच तिला रक्ताची हगवण लागली. भटूभाऊ घरी गेलेच नाहीत, तिच्या सलाइनपाशी बसून राहिले. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

तपासणीत दोन्ही कुत्र्यांच्या विष्ठेत एकच जंतू निघाला. मी विचारलं, तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. मी त्यांना नको नको ते बोलले, आणि बोलता बोलता मलाच रडू फुटलं.

"कमलीबाईले मीच सांगसू," एवढंच ते म्हणाले.

कमलीबाई आल्या. भटूभाऊ तोंड उघडणार, तोच बाईंनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. "भाऊ, तू व्हता म्हनीसन ती चार दिन जगनी."

भटूभाऊंनी सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. सांगून झालं, तेव्हा कमलीबाईंनी हात सोडलेले होते. काळीला उचलायला भटूभाऊ पुढे झाले, तर कमलीबाईंनी त्यांना तिला हात लावू दिला नाही.