चाकावर बसायचं नाही

आमच्याकडे माणूस पायी चालत असेल तर त्याला कारण लागतं. त्याची गाडी चुकलेली असते, त्याला नवस फेडायचा असतो, नाहीतर तो मोर्चात असतो. चौथं कारण लोकांना ठाऊक नाही. ते आम्ही चार दिवस समजावून सांगत होतो आणि एका म्हातारीखेरीज कुणालाही ते पटलं नाही.

मित्र शाळेपासूनचा. मी बीडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, त्यानं एसटी चालवली. दोघंही आता घरी बसून आहोत. बायको गेल्यापासून तो केजला एकटा राहतो, स्वतःची भाकरी स्वतः थापतो, आणि ती माझ्या घरच्यापेक्षा बरी असते. यंदा पावसाळा संपता संपता बाजारात त्याला चक्कर आली. भाजीवाल्याच्या पोत्यावर तो पाच मिनिटं बसला, पाणी प्यायला आणि मेथी घेऊन घरी आला. पण तोवर कुणीतरी पुण्याला मुलाला फोन केला होता. ही बातमी पुण्यात पोचली तेव्हा तो बाजारात बेशुद्ध पडला होता आणि लोकांनी त्याला उचलून आणलं होतं.

दिवाळीला मुलगा आला तो निर्णय घेऊनच. आठव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट, खालीच दवाखाना, अण्णांसाठी खोली तयार. केजचं घर भाड्यानं द्यायचं. मुलगा वाईट नाही हे सांगायला हवं. तो चांगला आहे हीच अडचण होती. वाईट मुलाला नाही म्हणता येतं.

"अण्णा, तुम्हाला आता एकट्याला झेपत नाही," तो म्हणाला. "साधं चालणं होत नाही तुम्हाला."

यावर मित्र म्हणाला की कपिलधारहून या उंबऱ्यापर्यंत चालत येतो, मग बोल. मुलगा इंजिनियर आहे. त्यानं लगेच अटी घातल्या. मध्ये कुठंही चाकावर बसायचं नाही. मोटारसायकल नाही, जीप नाही, ट्रॅक्टर नाही. मित्रानं बैलगाडीचं विचारलं, तर बैलगाडीलाही चाकं असतात असं उत्तर मिळालं. एकदा जरी बसलात तर त्याच दिवशी सामान गाडीत. आणि नाही बसलो तर? तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही, असं मुलगा माझ्यादेखत म्हणाला. मी तिथं चिवडा खात बसलो होतो. अशा रीतीनं साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली आणि साक्षीदारानंही चालायचं असतं हे मला मागाहून कळलं.

कपिलधारच कशाला, असं मी विचारलं होतं. तर तीसेक वर्षं तो यात्रेच्या जादा गाड्या घेऊन तिथं गेला होता आणि धबधबा त्यानं एकदाही पाहिला नव्हता. प्रवासी पायऱ्या उतरून खाली जायचे, ड्रायव्हर गाडीपाशी थांबायचा. यात्रा उरकून गर्दी पांगल्यावर आम्ही गेलो. तो पायऱ्या उतरला, बारीक झालेल्या धारेकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बरंय. येवढं काय न्हाई." मग आम्ही निघालो.

सडकेनं गेलं तर अंतर चाळीसेक किलोमीटर. पण सडक आम्हाला बंद होती. त्या रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर त्याला ओळखतो. म्हाताऱ्या सहकाऱ्याला रस्त्यानं चालताना बघून पुढं निघून जाईल असा ड्रायव्हर त्याच्या डेपोत अजून भरती झालेला नाही. त्यांनी त्याला उचलून केबिनमध्ये बसवला असता. म्हणून बालाघाटाचा डोंगर. तिथं रस्ता नाही, वाट नाही आणि ओळखीचं कुणी नाही.

चालण्यावर मी पुष्कळ वाचलं होतं. त्यामुळं माझ्याकडं घडीची काठी, घोट्यापर्यंतचे बूट, औषधांची पेटी आणि पाठीवर एक सॅक होती, जिचे पट्टे कशाला असतात हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. त्याच्याकडं कापडी पिशवी होती. तीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बीपीच्या गोळ्या. पायात टायरच्या तळव्याची चप्पल. ही चाकात मोडते का, असं मी विचारलं.

"चाक पायाखाली हाय, मी चाकावर बसलेलो न्हाई," तो म्हणाला. "चल बे, लई कायदा शिकवू नको."

डोंगरात वाटा असतात, पण त्या शेळ्यांनी पाडलेल्या. शेळीला कुठंही पोचायचं नसतं, तिला पाला खायचा असतो. अशा एका ठसठशीत वाटेनं आम्ही दीड तास चाललो आणि ती एका बोरीच्या झाडाखाली संपली. शेळ्या खाऊन कधीच गेल्या होत्या. दुसरी वाट फिरून पुन्हा त्याच पवनचक्कीपाशी आली, जी आम्ही सकाळी मागं टाकली म्हणून खूश झालो होतो. दर पावलाला कुसळं माझ्या मोज्यात शिरत होती. मोजे घालावेत असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती लिहिणाऱ्यांनी कार्तिकातलं आमचं गवत पाहिलेलं नसतं. मित्र उघड्या घोट्यांनी मजेत चालला होता. मी दर अर्ध्या तासाला दगडावर बसून कुसळं उपटत होतो आणि तो उभा राहून बघत होता. मग एकदा म्हणाला की माझ्या मुलाला तुझी काळजी वाटायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वाडीत उतरलो. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं होती. ऊसतोडीला कोयते गेले की वाड्या अशाच होतात, म्हातारी माणसं आणि कोंबड्या राहतात. एका म्हातारीनं ओट्यावर बसवलं, भाकरी आणि पिठलं दिलं आणि नवस कशाचा म्हणून विचारलं. मित्र खाता खाता तिला सगळं खरं सांगत गेला. चक्कर, मुलगा, आठवा मजला, चाकं. शेवटी ती म्हणाली:

"मला बी ट्रकात बस म्हनत हुते. तिकडं उसाच्या फडात कोपीत ऱ्हा, लेकरं संभाळ. म्या न्हाई बसले."

"मग काय म्हनले?"

"काय म्हनतेत. ट्रक गेला."

आणि तिनं त्याच्या ताटात आणखी पिठलं वाढलं, माझ्या नाही.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. डोंगर उतरून आम्ही एका मोठ्या गावात शिरलो. तिथल्या पानटपरीवाल्यानं मोबाईल आमच्यासमोर धरला आणि पदयात्रा कशासाठी म्हणून विचारलं. मित्र म्हणाला, घरी चाललोय. मागणी काय आहे? मागणी काही नाही. हे पुरेसं स्पष्ट होतं अशी माझी समजूत होती. दोन तासांनी पुढच्या गावात आम्हाला तो व्हिडिओ दाखवण्यात आला. खाली लिहिलं होतं की दोन ज्येष्ठ नागरिक पदयात्रेवर निघाले असून मागणी मान्य होईपर्यंत ती उघड करणार नाहीत.

तिथून पुढं लोक वेशीवर थांबू लागले. एकानं जळालेल्या विजेच्या डीपीचं निवेदन दिलं, एकानं स्मशानभूमीच्या रस्त्याचं. एका गृहस्थानं भावकीतल्या बांधाचा नकाशा माझ्या सॅकमध्ये कोंबला. आम्ही कुणीही नाही असं मी प्रत्येकाला सांगत होतो, आणि त्यानं आमचं वजन वाढतच गेलं, कारण खरे पुढारी असं कधी म्हणत नाहीत. गाड्यांचा तर सुकाळ झाला. माणसं मोटारसायकली आडव्या लावत, हात धरून ओढत. नको म्हटलं की दुखावत. मित्र प्रत्येकाला तेच सांगे, "चाकावर बसायचं न्हाई," आणि लोक ते व्रत समजून पाया पडत.

संध्याकाळी माझ्या मोबाईलवर एका नेत्याच्या माणसाचा फोन आला. उद्या दुपारी केजच्या वेशीवर स्टेज आहे, साहेबांच्या हस्ते सत्कार, तिथून घरापर्यंत मिरवणूक. कशातून, असं मित्रानं विचारलं. उघड्या जीपमधून.

"चाकं हायत का तिला?"

पलीकडचा म्हणाला की टायर नवेच टाकलेत.

चौथ्या दिवशी सकाळी मला उठवेना. डाव्या अंगठ्याचं नख काळं होऊन उभं राहिलं होतं आणि उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता. केज अजून दहाबारा किलोमीटर होतं. आम्ही मुक्काम केला होता त्या शाळेचे गुरुजी मोटारसायकलवरून केजला निघाले होते आणि मला नेतो म्हणत होते. मी नको म्हणत होतो, पण उभं राहता येत नसलेल्या माणसाच्या नकाराला फारसा अर्थ नसतो. मला भीती वेगळीच होती. तो एकटा कुठं रानात पडला, तर मुलगा म्हणत होता ते सगळं खरं ठरलं असतं, आणि ते माझ्यामुळं ठरलं असतं. आपण एक दिवस थांबू, असं मी सुचवलं.

मित्र चपलेचा पट्टा ओढत होता. म्हणाला, "तू जा. तीन दिवस तू संगं हुतास, म्हंजे परीक्षा झालीच न्हाई. मला एकट्याला जमतंय का, ते मला बी बघायचंय."

पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ही पैज मुलाशी नव्हती. मी गाडीवर बसलो. वळणावर मागं बघितलं तर तो तुरीच्या ओळींमधून बेतानं चालला होता, कापडी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत.

केजच्या वेशीवर स्टेज खरंच होतं. फुलं लावलेली जीपही होती. गुरुजींनी मला तिथंच उतरवलं आणि मी लंगडत असल्यानं कुणाला शंका आली नाही. दुसरे कुठं आहेत, विचारलं. येतायत, म्हणालो. साहेबांना पुढं एक लग्न होतं, ते थांबू शकत नव्हते. त्यांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि माईकवरून जाहीर केलं की यांची मागणी मी मान्य केलेली आहे. टाळ्या पडल्या. ती कोणती, हे मी विचारलं नाही. एवढ्या चटकन मान्य झालेली मागणी उघडी पाडण्यात अर्थ नव्हता. मग माईक माझ्या हातात आला.

मी म्हणालो, "मी मोटारसायकलवर आलोय."

त्यालाही टाळ्या पडल्या. साहेब माझ्या कानात म्हणाले की विनय फार मोठा आहे तुमच्याकडं. मी सॅकमधली निवेदनं काढून त्यांच्या हातात दिली, बांधाच्या नकाशासकट. त्या दिवशी माझ्याकडून झालेलं समाजकार्य एवढंच.

जीपला नाही म्हणून मी रिक्षानं मित्राच्या घरी गेलो. मुलगा पुण्याहून येऊन फाटकात उभा होता. त्यानं माझी शाल बघितली, रिक्षा बघितली आणि माझ्या मागं बघितलं.

"काका, तुम्ही अण्णांना एकटं सोडलंत?"

त्यानंच सोड म्हणून सांगितलं, असं मी म्हणालो. मुलगा गाडीची किल्ली घेऊन निघाला. मी फाटकात आडवा झालो. म्हणजे गुडघ्यामुळं मला तिथून पटकन हलता येत नव्हतं, पण हलायचं नव्हतं हेही तितकंच खरं. तू आता गाडी घेऊन गेलास, मी म्हणालो, तर तो बसेल, तुझ्यासाठी बसेल, आणि मग आयुष्यभर बसूनच राहील. मुलगा माझ्यावर आजवर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण किल्ली त्यानं खिशात टाकली आणि आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. तीन वाजले, चार वाजले. फोन मित्राकडं होता, पण तो पिशवीच्या तळाशी ठेवून बंद करण्याची त्याची सवय आम्हा दोघांनाही माहीत होती.

साडेचारला तो आला, पण रस्त्यानं नाही. मागच्या नाल्याच्या बाजूनं, कापसाचे पुंजके धोतराला चिकटलेले, चप्पल हातात. लांबून त्याला फुलांची जीप दिसली होती, म्हणून सगळ्या गावाला वळसा घालून आला होता.

मुलगा उठला. विचारायचं नव्हतं तरी त्यानं विचारलं, "कुठं बसला नाहीत ना अण्णा?"

"बसलो की," मित्र म्हणाला. "बांधावर. चार डाव." आणि उंबरा ओलांडून आत गेला. आतून म्हणाला, "दोघंबी असे काहून बसलाव? चहा टाकायचा न्हाई का कुनी?"

चहा मुलानं केला. साखर जास्त पडली होती. मग तो बाहेर गेला, डिकीतून वडलांची भरलेली बॅग काढली आणि आणून कपाटाशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा निघाला. गल्ली अरुंद, गाडी उलटी काढावी लागते. मित्र सुजलेल्या पायांनी मागं जाऊन उभा राहिला, हात वर करून. येऊ दे, येऊ दे, उजवीकडं घे, अजून घे, खांब हाय, बास. मुलगा आरशात बघत तो सांगेल तसं स्टिअरिंग फिरवत होता. गाडी सरळ झाली तसा मित्रानं डिकीवर दोनदा तळहात मारला, आणि गाडी गेली.