उकळलेला रवंथ

आधी चहा ओतून घ्या. हे ऐकताना तुम्ही मला हसणार आहात, आणि हातात भरलेला कप असला म्हणजे माणूस जरा बेतानं हसतो.

मी निवृत्त झालो तेव्हा कॉलेजने माझा सत्कार केला. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, तुम्ही या विषयाकडे कसे वळलात?" विषय म्हणजे जनावरं आणि त्यांच्या पोटातले सूक्ष्मजंतू. गाय गवत खाते खरी, पण ते पचवतात तिच्या पोटातले जंतू. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी एकमेकांना घडवलं आणि आता एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही. या एका गोष्टीवर मी चाळीस वर्षं काढली. तर मी त्या मुलीला म्हटलं, "लहानपणापासून मला निसर्गाची ओढ होती." टाळ्या पडल्या. साफ खोटं हो! लहानपणी गिरगावात मी झुरळ दिसलं की खाटेवर चढायचो.

खरं कारण कर्जतला एका रेड्याच्या तोंडात होतं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

युद्धाचे दिवस होते. मी एम.एस्सी. करत होतो. आमचे सर म्हणाले, "पुस्तकं पुरे झाली. गावात जा, रेड्याचा रवंथ मिळव आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघ." रवंथ ठाऊक आहे ना? पोटातला चारा परत तोंडात आणून जनावर चघळत बसतं, तो. सर म्हणायचे, त्यातला थेंबभर रस काचेवर ठेवला की आत जत्रा भरलेली दिसते. केसाळ, गोल, लांबट, नाना तऱ्हेचे जीव नुसते धावत असतात. ते मेले तर जनावर भरल्या गोठ्यात उपाशी मरेल.

सरांच्या ओळखीने दहिवलीच्या पुढे, नदीकाठच्या एका गावात माझी सोय झाली. यजमान बाळाराम, चाळिशीचा शेतकरी, बोलायला कमी. त्याची बायको चांगुणावहिनी, कामाला वाघ आणि दिलेला शब्द पाळणारी. हे शब्द पाळणं लक्षात ठेवा. भिवपुरीला तयार झालेली वीज गावाच्या डोक्यावरून मुंबईला जायची आणि गावात रॉकेलची चिमणी असायची, तीही रॉकेल मिळालं तर. म्हणून मी सूक्ष्मदर्शक ओट्यावर, उजेडात मांडला. तो पाहून गावाने ठरवून टाकलं की मी डॉक्टर आहे.

मी ते खोडून काढलं का? नाही. डॉक्टर म्हटल्यावर दुधाचा पेला मोठा यायला लागला होता.

पहिल्याच दिवशी मी वहिनींना बजावलं, "वहिनी, माझं पोट नाजूक आहे. मला जे काही द्याल ते खळखळा उकळून द्या. न उकळलेल्या वस्तूत जंतू असतात आणि ते माणसाचा घात करतात."

"सगलाच उकलायचा?" वहिनींनी विचारलं.

"सगळं. अगदी काहीही असो."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि त्या घटकेपासून माझी अवदसा सुरू झाली.

पाणी उकळून, दूध उकळून, इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना ताक आलं. वाफाळलेलं, फाटलेलं, वर पांढऱ्या गुठळ्या आणि खाली हिरवट पाणी. मला वाटलं, कर्जतकडे ताक असंच करत असतील. परगावी जाऊन ताकाला नावं कशी ठेवायची? प्यालो. आठवडाभर प्यालो. पोट असं गच्च झालं की धोतराची गाठ रोज थोडी अलीकडे बसायला लागली.

आता रवंथाचं. बाळारामकडे दोन रेडे होते. एक काळू, नावासारखाच. दुसऱ्याच्या कपाळावर पांढरा डाग, म्हणून तो बांड्या. मी काळूजवळ गेलो. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी ओट्यावर परत आलो. वहिनी हसल्या. म्हणाल्या, "तुमी बसा डॉक्टर, मी काढून देतंय." रेडा चघळत असताना त्याची जीभ धरून गोळा काढायचा, हे त्यांना लहानपणापासून येत होतं. मी म्हटलं, "गरम असतानाच आणा बरं का, गार झाला की उपयोग नाही." दर सकाळी मी आंघोळीला गेलो की त्या रवंथ काढत आणि मी येईपर्यंत लोटा ओट्यावर हजर असे. लोट्याला हात लावला की चटका बसे. मला वाटे, रेड्याचं अंग आतून बरंच तापलेलं असणार.

काचेवर थेंब ठेवला. पाहिलं. काहीच नाही. गवताचे तुकडे होते, पण हलणारं एकही नाही.

आभाळ भरलेलं होतं, म्हणून वाटलं, उजेड कमी पडतोय. आरसा फिरवला. भिंग पुसलं. माझा चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी मी काळूसमोर जाऊन उभा राहिलो. हा प्राणी खातोय, शेण टाकतोय, नांगर ओढतोय, आणि याच्या पोटात एकही जंतू नाही? मग गवत पचवतंय कोण? मला रात्रंदिवस तोच विचार. आणि मग हळूच दुसरा विचार आला. तरुण होतो हो! वाटलं, सरांचंच चुकलं असेल. पुस्तकंच चुकली असतील. मी सरांना कार्ड लिहिलं: "येथील रेड्याच्या पोटात जंतू नाहीत, तरी तो धडधाकट आहे. आपण शिकवता ते पुन्हा तपासावे लागेल." बाळाराम कर्जतच्या बाजाराला निघाला होता, त्याच्याकडेच टपालात टाकायला दिलं.

त्याच आठवड्यात, रविवारी बांड्याने भाताच्या कोंड्याच्या पाटीत तोंड घातलं आणि अर्धी पाटी फस्त केली. दुपारपासून त्याचा रवंथ बंद. कान गार, पोट दगडासारखं, मान टाकून बसला तो उठेना.

आता हे बाळारामला केवढ्याला पडणार होतं ते सांगतो. लावणीला गावात सावड असते. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. बाळारामची पाळी शनिवारी होती. त्याआधी खाचरात चिखल करायला रेड्यांची जोडी हवी. गावातले बाकीचे रेडे रात्री गोठ्यात आले की उभ्याउभ्याच झोपत होते, इतके कामाला जुंपलेले. उसने कोण देणार? शनिवार चुकला तर पाळी सगळ्यांच्या शेवटी, आणि तोवर रोपं जून होऊन वर्षाचा भात गेला. बाळाराम बांड्याच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता. ते मला बघवत नव्हतं.

तेवढ्यात शेजारची भागाआत्या आली. सत्तरीची, कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. बांड्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "काळूच्या तोंडातला रवंथ काढ नि याच्या तोंडात घाल. त्यात इचार काय करायचा?"

बाळारामने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर ना मी! आणि माझ्या डोक्यात गोंधळ असा की विचारू नका. पुस्तकाप्रमाणे म्हातारीचं अगदी बरोबर होतं. निरोगी जनावराचे जंतू आजाऱ्याच्या पोटात जातील आणि काम सुरू करतील. पण काळूच्या पोटात तर जंतूच नव्हते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाच दिवस पाहिलं होतं.

"आत्या, उपयोग नाही," मी म्हटलं. "काळूच्या रवंथात काही नाही."

"रवंथात काय नाय?" आत्या म्हणाली. "मंग तो काय चगलतो, पान?"

बाळारामने मधला मार्ग काढला. "डॉक्टरांच्या लोट्यातलाच रवंथ देऊया. त्यांनी रोज बगितलेला हाय." मला ते पटलं. तपासलेला माल कधीही चांगला. वहिनींनी लोटा आणला, गार होऊ दिला, आणि बाळारामने तो बांड्याच्या घशात ओतला. रविवारी दोनदा, सोमवारी तीनदा. बांड्या होता तसाच. उलट सोमवारी संध्याकाळी त्याने मान जमिनीला टेकली.

"मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य मी त्या घरात, त्या वेळी बोललो. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

मंगळवारी दुपारी भागाआत्या पुन्हा आली. कुणाला विचारलं नाही. सरळ काळूच्या तोंडात हात घातला, गोळा काढला आणि बांड्याच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालून ठेवून दिला. असं चार वेळा. मग लुगड्याला हात पुसत मला म्हणाली, "बग रं डॉक्टर, आता तुजा लोटा लांब ठेव."

बुधवारी सकाळी बाळारामची हाक आली. धावत गोठ्यात गेलो. बांड्या उभा होता आणि चघळत होता. बाळाराम त्याच्या गळ्यात हात टाकून रडत होता. मलाही रडू आलं, पण माझं जरा वेगळ्या कारणाने. आत्याने बांड्याच्या तोंडातला रवंथ काढून माझ्या तळहातावर ठेवला होता, मी तो काचेवर पाहिला, आणि सरांची जत्रा! केसाळ, गोल, लांबट, एकमेकांना धडकत पळत होते.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? काळूच्या पोटात जंतू नाहीत. लोट्यात नाहीत. बांड्या आजारी, म्हणजे त्याच्या पोटातले मेलेले. मग हे आले कुठून? लोटा आणि आत्या यांत फरक एकच होता. मी कागदावर मुद्दे मांडले, रेघ ओढली आणि खाली निष्कर्ष लिहिला: जंतू म्हातारीच्या हातात आहेत.

मी काचेची बाटली आणि पाण्याचं तांब्या-फुलपात्र घेऊन आत्याच्या दारात गेलो. अंगणात चार बायका तांदूळ निवडत होत्या.

"आत्या, तुमचा उजवा हात माझ्या बाटलीत धुवायचा आहे."

"कशापायी रं?"

"तुमच्या हातात विलक्षण काहीतरी आहे. जगात कुणाच्या हातात नसेल."

आत्याने स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला. बायकांनी पाहिला. मी तिची बोटं एकेक करून बाटलीत धूत होतो, तेवढ्यात चांगुणावहिनी मला जेवायला बोलवायला आल्या आणि दारातच थबकल्या. मी त्यांना सगळा शोध समजावून सांगितला. काळू, लोटा, आत्याचा हात. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हातात काय असनार?" त्या म्हणाल्या. "आत्या उकलत नाय, तेवडाच."

"काय उकळत नाही?"

"रवंथ. मी तुमचा रोज उकलतंय ना. चांगला तीन उकल्या आनतंय. तुमीच सांगितला, कायबी असो, उकलून द्या. न उकललेल्यात जंतू असतात."

अंगणातल्या सगळ्या बायकांचे हात सुपात थांबले. मी आत्याचा हात अजून धरून ठेवला होता. तो सोडावा हेही मला सुचलं नाही. ज्या जिवांना बघायला मी मुंबईहून आलो होतो, त्यांना रोज सकाळी माझ्याच हुकमाने चुलीवर चढवलं जात होतं, आणि ते नाहीत असं मी सरांना लिहून कळवलं होतं. आणि बांड्याला दोन दिवस मी ते प्रेत पाजत होतो. पाच वेळा.

कुणाला राग आला का? नाही. बाळाराम एवढंच म्हणाला, "डॉक्टर, तुमी निसते दूध पित जा, बाकी ऱ्हाऊं द्या." सरांना मी दुसरं कार्ड टाकून सगळं कबूल केलं. त्यांचं उत्तर आजही माझ्याकडे आहे: "रवंथ चुलीवर ठेवू नये हे सांगायचे राहून गेले. क्षमस्व."

त्याच बुधवारी मी आत्याच्या ओट्यावर बसलो असताना तिचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं. तिने ते बोटाने दाबून पाहिलं, बांड्याचं दाबलं होतं तसंच. "याचा बी दगड झालाय," ती बायकांना म्हणाली. आत गेली आणि वाडगाभर ताक घेऊन आली. गार, आंबटसर, पातळ. वाडग्यात तिचा अंगठा बुडालेला होता. तोच हात, काळूच्या तोंडातला. "पी," ती म्हणाली. "उकललेला नाय." मी डोळे मिटून प्यालो, आणि दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही प्यालो.

शुक्रवारी काळू आणि बांड्याने खाचरात चिखल केला. शनिवारी सावड आली. सगळं गाव बाळारामच्या शेतात ओणवं होऊन रोपं लावत होतं आणि मी बांधावर उभा होतो, कारण मला कुणी कशाला हात लावू देत नव्हतं. मधल्या ओळीतून भागाआत्या सरळ झाली आणि तिने तिथूनच खणखणीत आवाजात विचारलं, "काय रं डॉक्टर, तुजा बी रवंथ चालू झाला का?"

सगळी ओळ पाठ ताठ करून माझ्या उत्तराची वाट बघायला लागली. बांड्यानेसुद्धा मान वळवली, असं मला आजही वाटतं.

"झाला, आत्या," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात बरोबर आलेला तो पहिला निष्कर्ष.