रेणूनं बंद ठेवलेला टोला

रेणू कापगतेनं कोणाले माफ केलं, असं भिलाईत तरी कोणी ऐकलं नाई. पोलादाच्या प्लांटात नवीन लागली तवाची गोष्ट. एक फोरमन तिले म्हणला, "मॅडम, केबल आमी ओढतो, तुमी चाय सांगून या." त्या दिवसापासून फोरमन रिटायर होईपर्यंत, पुरे सहा वर्षं, ती त्याच्यासंग फक्त कागदावर बोलली. समोरासमोर टेबल, मधात हातभर जागा, अन् इकडून तिकडं चिठ्ठ्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्यानं पेढा पाठवला, तं तिनं तो वापस केला. त्याच्यावर बी चिठ्ठी होती.

तिची माय गयाबाई म्हणते, "इचा बाप असाच होता वं. गावी एका बैलानं लाथ मारली, तं त्या बैलाले मरेपर्यंत पोळ्याची पुरणपोळी बंद. बाकीच्या बैलाइले चारे, त्याच्यासमोर उभं राहून."

बाप शामराव साकोलीकडचा कुणबी, टिनाची पेटी घेऊन प्लांटाच्या भट्टीवर लागला. पोट्टीनं आयटीआय केलं अन् त्याच प्लांटाच्या मिलमधे इलेक्ट्रिशियन झाली. आता वय छत्तीस. बाप नाई, लग्न केलं नाई, जुनवानीत दोन खोल्याचं घर, माय अन् ती. पहिली पाळी करून आली का हातपाय धुते, भात खाते, अन् कंप्युटरपाशी बसते.

तो खेळ असा हाये. चौकोनी ठोकळे खणाचे अन् रचाचे. ज्याले जे जमन ते बांधाचं, कोणी घर, कोणी तळं, कोणी पूल. एकट्यानं खेळलं तं सारं आपल्याच मशीनमधे राहते. पण पन्नास-साठ जणाले एकाच जमिनीवर बांधाचं असन, तं ती जमीन एका अशा मशीनवर ठेवा लागते जे कधी बंद होत नाई. त्याले सर्व्हर म्हणतात. मोठ्या कंपन्या तो भाड्यानं देतात. रेणूनं घरीच केला. सुपेला बाजारातल्या कबाड्याकडून एका ऑफिसचं टाकलेलं कंप्युटर आणलं, ब्रशनं घासलं, आतला पंखा बदलवला, मेमरी वाढवली. ठेवलं मात्र हुडको कॉलनीत, मामेभाऊ कमलेशच्या घरी, कावून का तेज इंटरनेट त्याच्याकडंच होतं. कमलेशचं मोबाइलचं दुकान. हसरा पोट्टा, पण काम दुसऱ्याचं अन् नाव आपलं, ही सवय लहानपणापासूनची.

दोन वर्षांत त्या जमिनीवर एकसष्ट लोकाइनं गाव वसवलं. नाव ठेवलं टोला, म्हणजे छोटी वस्ती. आटाचक्की होती, बाजार होता, कमळाचं तळं होतं. शेषरावकाका प्लांटाच्या रेल्वेतले रिटायर ड्रायव्हर, सत्तरीचा माणूस, त्यानं चष्मा पुसपुसून टोल्याभवती रेल्वेलाइन टाकली. सिग्नलासकट.

आता मिलमधला एक कायदा सांगा लागते. तारेवर काम कराचं असन तं आधी लाइन बंद घ्याची, त्याले शटडाऊन म्हणतात, अन् स्विचले आपल्या नावाचा लाल टॅग लावाचा. ज्यानं लावला त्यानंच काढाचा. जीएम येवो का मंत्री येवो, दुसऱ्यानं हात नाई लावाचा, कारण त्या तारेच्या दुसऱ्या टोकाले कोणाची तरी बोटं असतात. रेणूच्या अंगात हे एवढं भिनलं का घरच्या मिक्सरचं पातं बदलवतानाही ती टॅग लावते. सर्व्हरलेही तोच कायदा होता. शटडाऊन घ्याच्या आधी टोल्याची नक्कल काढाची, मंग बंद कराचं, टॅग लावाचा, खेळणाऱ्याइच्या ग्रुपवर लिहाचं.

एप्रिलमधल्या एका रविवारी सर्व्हरची डिस्क कटकट कराले लागली. रेणू हुडकोत गेली, नक्कल आपल्या डिस्कवर घेतली, मशीन बंद केलं, टॅग लावला. दुकानं बंद होती, म्हणून ग्रुपवर लिहिलं, "उद्या नवी डिस्क टाकतो, तोपर्यंत कोणी चालू करू नये."

दुपारून कमलेशकडं रायपूरवाले जावई आले. त्याइच्यासमोर कमलेशनं फुशारकी मारली होती का असा सर्व्हर आपल्या घरी चालते. मंग दाखवा तं लागनच! टॅग काढला, बटन दाबलं. अर्ध्या घंट्यात डिस्क जागीच आडवी झाली अन् टोला गेला.

मंग कमलेशनं ग्रुपवर लिहिलं, "रेणूताईने वायरिंग में कुछ कर दिया, सब जल गया. मैंने मना किया था. लेडीज का काम नहीं है भाई."

एकसष्टातल्या एकानंही विचारलं नाई का बाई, खरं काय झालं. शेषरावकाकानं तं लिहिलं, "जिसका काम उसी को साजे."

सोमवारी रेणू नवी डिस्क घेऊन गेली तवा कमलेश म्हणला, "ताई, तू टॅग लावलाच कुठं होता?" टॅग कचऱ्याच्या डब्यात केळीच्या सालटाखालून डोकावत होता. तिले तो उभ्या उभ्या दिसला. तिनं तो उचलला, पुसला, बॅगेत टाकला, आपलं मशीन काखेत मारलं अन् निघाली. नक्कल काढाची तिची सवय कोणालेच मालूम नव्हती, अन् ती आपल्यापाशी हाये, हे तिनं नाई सांगतलं.

घरी आल्यावर तिनं मायले मात्र सारं सांगतलं, तं गयाबाईनं विचारलं, "तुह्यापाशी हाये तं दे ना लोकाइले. कावून लपवतं?"

"देल्लं का सारे म्हनतीन, चला, भेटलं, झालं गेलं. अन् रेनूनं जाळलं हे तसंच राहीन. मले टोला नाई पाह्यजे माय. कमलेशच्या हातचं लिहिलेलं पाह्यजे, त्याच एकसष्ट लोकाइसमोर."

मंग ती कामाले लागली. जुनवानीत इंटरनेटची तेज लाइन घेतली. बाहेरच्या लोकाइले आपल्या मशीनचं दार सापडावं म्हणून न बदलणारा पत्ता कंपनीकडून मागून घेतला. त्यासाठी अकरा अर्ज केले, बाराव्याले भेटला. पण खरा दुश्मन धूळ. भिलाईत लोखंडाची बारीक तांबडी धूळ पापडावरही बसते, तं मशीनच्या पंख्याले काय सोडते! अन् उन्हाळ्यात कूलर लावला का ओल. रेणूनं मायची तांदळाची रिकामी कोठी ओढली, पत्र्याले ड्रिलनं दीडशे छेदं पाडले, आतून जुन्या साडीचं पातळ कापड ताणलं, वर-खाली पंखे लावले अन् सर्व्हर त्यात बसवला. खाली इन्व्हर्टरची बॅटरी.

गयाबाई कपाळावर हात मारून म्हणली, "लोकाइच्या कोठीत धान, आमच्या कोठीत घरघर."

नवीन सर्व्हर चालू झाला तवा त्यावर फक्त कोरी जमीन होती. कमलेशनं तिकडं भाड्याचा सर्व्हर घेतला होता, पण तो दूर कुठं तरी होता, ठोकळा आज ठेवला का उद्या दिसे. रेणूचं मशीन इथंच जुनवानीत, बोट दाबलं का काम. एकेक जण चुपचाप येऊ लागला. दिवाळीपर्यंत चाळीस झाले, शेषरावकाका बी आला. रेणू सगळ्याइले घेई. आत येणाऱ्याइच्या यादीत एकच नाव नव्हतं. कमलेश दर आठवड्याले अर्ज टाके, ती दर आठवड्याले पुसे.

लोकं बोलता बोलता टोल्याची आठवण काढत. तळं कसं होतं, चक्की कशी होती. शेषरावकाका लिहे, "आता पुन्हा लाइन टाकाचा दम नाई राहिला." रेणू हे वाचे. डिस्क तिच्यापासून चार हातावर, कपाटात लुगड्याखाली. हात लांबवला असता तं म्हाताऱ्याची रेल्वे त्याच मिनिटाले चालू झाली असती. तिनं हात नाई लांबवला. खोटं कावून बोलू, तिले ते वाचाले गोड लागे.

अकरा महिने झाले. मार्चात, लोकं भरपूर तरसले हे पाहून, तिनं कमळाच्या तळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला अन् खाली लिहिलं, "टोला माझ्यापाशी आहे. ज्यानं माझा टॅग काढला त्यानं तसं लिहून द्यावं. त्याच दिवशी उघडतो."

ग्रुपवर आग लागली. कोनं काढला? किसने निकाला? तीन दिवस सारे विचारत, अन् रोज शंभर मेसेज टाकणारा कमलेश तीन दिवस चूप. त्या चुपीनंच लोकाइले अर्धं कळलं.

रविवारी सकाळी तो मायले, म्हणजे वंदनामामीले, घेऊन जुनवानीत आला. मामीच्या हातात करंज्याचा डबा.

"गयाताई," मामी बसल्या बसल्या म्हणली, "लेकराइचं भांडन हाये. घरचं घरात मिटवू. रेनू, तू मोठी हायेस बाई."

गयाबाईनं डबा घेतला. "करंज्या मी ठेवतो वैनी. भांडनाचं तिले विचार."

रेणूनं एक कागद टेबलावर ठेवला. मिलमधल्या शटडाऊनच्या परमिटसारखा, चार रकाने. बाजूले तो लाल टॅग. केळीचा डाग पुसूनही राहिला होता. कमलेशनं टॅगाकडं पाह्यलं अन् नजर खाली घातली.

"टॅग लावनाऱ्याचं नाव मी भरलं," रेणू म्हणली. "काढनाऱ्याचं तू भर. मंग कावून काढला. मंग लोकाइले काय सांगतलं."

"ताई, मैं लिख देता हूँ ना, के मिसअंडरस्टँडिंग झाली."

"कोनाची?"

"दोघांची."

"माही नव्हती झाली. तू लिहू नको मंग. चाय पी अन् जा."

"दुकानावर पोट्टे हासतीन यार ताई!"

"अकरा महिने मले हासले. मी काय मेली का?"

मामी भडकली. "एवढा कसला गर्व वं? पोट्टीच्या जातीनं एवढा डंख धरू नये. खेळच तं हाये!"

"खेळ हाये तं त्याले लिहाले काय जाते मामी?"

कमलेशनं पेन घेतला. दुसऱ्या रकान्यात नाव. तिसऱ्यात लिहिलं, जावयाला दाखवायचं होतं. चौथ्यापाशी थांबला. रेणू उभीच होती.

"यहाँ क्या लिखूं?"

"तुले मालूम हाये."

त्यानं लिहिलं, "झूठ बोला." रेणूनं त्याच्याच फोनवरून फोटो काढवला अन् त्याच्याच बोटानं ग्रुपवर पाठवायले लावला. मामी चाय न पेता उठली. कमलेश पायऱ्यावर चपला घालता घालता म्हणला, "आता तं घेशीन ना यादीत?"

"घेतो."

दहा मिनिटांत शेषरावकाकाचा फोन आला. रेणूले वाटलं, म्हातारा शाबास म्हणन.

"बेटी," तो म्हणला, "म्हंजे अकरा महिने टोला तुह्यापाशीच होता?"

"हो काका."

"मी रोज लिहीत होतो, लाइन गेली म्हनून. तू वाचत होती?"

"वाचत होती."

"मंग कावून नाई सांगतलं?"

"तुमीनं त्या दिवशी लिहिलं होतं काका. जिसका काम उसी को साजे."

"म्हंजे मलेही सजा होती."

"एकसष्टालेही होती," रेणू म्हणली. "विचारलं कोनं होतं?"

म्हाताऱ्यानं फोन ठेवला.

दुपारून तिनं टोला उघडला. चौतीस लोकं आले. बाकीच्याइतले काही ग्रुप सोडून गेले, एकानं जाता जाता लिहिलं का बाई जहरी हाये. रेणूनं ते पुसलं नाई, राहू देल्लं. कमलेश आला, बाजारातून फिरला, आपल्या घरापाशी गेला अन् दार उघडाले लागला. दार उघडे ना. ठोकळा उचलाले गेला, उचलत नव्हता. रेणूनं त्याले यादीत घेतलं होतं, पण फक्त पाहाच्या परवान्यावर.

"ताई, हाथ नहीं चल रहा," त्यानं लिहिलं. "कब तक?"

"तू पाह्य," तिनं लिहिलं. "टोला चांगला दिसते पाहाले."

संध्याकाळ झाली तरी रेल्वेलाइनीवर गाडी उभीच. एका पोट्टीनं विचारलं, काकाची गाडी मी चालवू का? रेणूनं लिहिलं, कोनीच हात नाई लावाचा. गयाबाई मागून करंजी खात पाहत होती. तिले खेळ कळत नाई, पण उभी गाडी कळते.

"त्या म्हाताऱ्याले एक फोन लाव," ती म्हणली. "बुढा मानूस हाये. येईन."

रेणू स्क्रीनवरून नजर न काढता म्हणली, "माहा नंबर त्याच्यापाशी बी हाये."