मोजून न वाढणाऱ्या भागूबाई

अळ्यांना खाऊ घालताना भागूबाई त्यांच्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलत. डाव्या हातात काचेची नळी, उजव्या हातात बारीक कुंचला आणि तोंडाने, "होऊ द्या सावकाश. आनखी वाढू का?" आदिलाबादच्या सरकारी प्रयोगशाळेत मी नवा रुजू झालो, तेव्हा पहिल्याच सकाळी हे ऐकून वैतागलो. शास्त्राच्या ठिकाणी असला पोरखेळ मला खपत नसे. पण अळी न दुखवता उचलावी ती त्यांनीच. माझ्या हातून दहातल्या तीन तरी मरत.

त्या मूळच्या तिथल्याच मराठी पट्ट्यातल्या मुधोळच्या. नवरा गेल्यावर लेकाकडे आल्या आणि आमच्याकडे रोजंदारीवर लागल्या. कार्यालयाचा सगळा कारभार तेलुगूत, बाहेरच्यांशी हिंदी. मराठी बोलणारा मी एकटाच सापडल्यामुळे माझ्याशी त्या जरा जास्तच बोलत.

माझं काम ढालकिड्यांवर होतं. कपाशीचा रस शोषणारी मावा ही बारीक कीड फस्त करणारा हा चिमुकला भुंगेरा. तो प्रयोगशाळेत वाढवून शेतात सोडायचा, तर रोज जिवंत मावा पुरवण्याची कटकट आधी संपायला हवी होती. म्हणून मी वाळवलेल्या काळजाची पूड, मध आणि दुधाची भुकटी मिसळून एक खाद्य बनवलं. डाव्या मांडणीवरच्या अळ्यांना चवळीवर वाढवलेला मावा, उजव्या मांडणीवरच्यांना फक्त हे पीठ. कोण किती दिवसांत कोषात जातं आणि कोणाच्या पोटात कुठले जीवाणू राहतात, एवढं पाहायचं. माझी पीएच.डी. त्यावर टांगलेली होती आणि योजनेची मुदत मार्चअखेर संपत होती.

"सायब, हे उजवीकडचे काऊन सुकून राह्यले?" त्या रोज विचारत.

"प्रयोग आहे, भागूबाई."

"उपाशी राह्यले तं एकमेकाले खातात, म्हनून एकेकाले येगळं कोंडलं. आन् वरतून हे पीठ. कोनतं लेकरू खाईन?"

मी वहीत डोकं घालत असे.

डिसेंबरात उजवीकडच्या अळ्यांनी अचानक बाळसं धरलं. धडाधड कोष झाले. त्यांच्या पोटातला रस तपासला तर डावीकडच्यांचेच जीवाणू तिथेही नांदत होते. मी हवेत! हैदराबादच्या माझ्या मार्गदर्शकांना पत्र टाकून मोकळा झालो, की पीठ यशस्वी ठरलं. ते बघायला येणार असं उलटपत्री उत्तरही आलं.

संक्रांतीच्या सुट्टीत विसरलेली वही आणायला गेलो, तर भागूबाई उजव्या मांडणीपुढे उभ्या. हातात मावा लागलेलं चवळीचं पान.

"हे काय चाललंय?"

त्या दचकल्यासुद्धा नाहीत. "एका पंगतीत असं दोन तऱ्हेचं वाढू नाई सायब. तिकडं ताजं, इकडं पीठ. आपल्याले पाप लागते."

माझं डोकंच फिरलं. सगळा हंगाम पाण्यात गेला होता. पंक्तिभेद नको म्हणून कुणी प्रयोग मोडतं का? "कधीपासून? कुठल्या नळ्यांना? किती मावा दिला?" मी ओरडत होतो.

"ज्या मरायले टेकल्या त्याईले देल्लं. किती ते काय सांगू? वाढतानी मोजते का कोनी?" मग समजूत काढल्यासारखं म्हणाल्या, "लय नाई देल्लं. लायनपनी एकडाव जितं खाल्लं का मंग पीठबी पचते त्याईले."

"गप्प बसा!" मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मी लेखी तक्रार केली आणि त्यांचं नाव हजेरीपटावरून उतरलं. प्रयोगशाळेची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. मी नव्याने प्रयोग मांडला, अगदी काटेकोर. उजवीकडच्या बहुतेक सगळ्या अळ्या मेल्या. मार्चमध्ये योजना गुंडाळली गेली. त्या बाईने माझं वाटोळं केलं, असं मी पुढची किती तरी वर्षं भेटेल त्याला सांगत राहिलो.

दुसऱ्या योजनेत पुन्हा ढालकिडेच वाट्याला आले, तेव्हा काहीच जमेना म्हणून अखेर भागूबाईंचं ते 'लायनपनी एकडाव जितं' करून पाहिलं. अंड्यातून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी एकदाच जिवंत मावा, पुढे नुसतं पीठ. अळ्या तरल्या, कोषात गेल्या. माव्याबरोबर पोटात शिरलेले जीवाणू तिथेच ठाण मांडून बसले होते आणि पीठ त्यांच्यामुळे पचत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो नुसता संताप, स्वतःचाच.

मी त्यांच्या लेकाचं घर शोधत गेलो. सून दारात आली. म्हणाली, "आत्याबाई दोन सालं झाले, वारल्या. काई काम होतं का?"

मी नाही म्हणालो.

पुढे प्रबंध लिहिला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, जिवंत मावा एकदाच आणि तोही इतक्या लवकर द्यावा, हे तुम्हाला सुचलं कशावरून?

"प्राथमिक निरीक्षणांवरून," मी म्हणालो. कोणाची निरीक्षणं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.