चार रिकामी पिंपं

सत्तरच्या दशकात मी फोर्टातल्या एका क्लिअरिंग एजंटकडे टायपिस्ट होते. बंदरात उतरलेला परदेशी माल कस्टममधून सोडवायचा, हा आमचा धंदा. आलेल्या वस्तूला कायद्याच्या जाड पुस्तकातलं नाव शोधायचं आणि ते कार्बन लावून चार प्रतींत टाइप करायचं, हे माझं काम. चौथी प्रत कुणालाच वाचता यायची नाही, म्हणून ती सरकारला जायची.

त्या पुस्तकात सगळ्यांची सोय होती. जनावरांची शिंगं, माणसांचे केस, चिंध्या, जुनी वर्तमानपत्रं. नव्हता तो फक्त कचरा. आमचे साहेब पान जमवता जमवता सांगायचे, "ज्याला गिऱ्हाईक आहे तो माल, नाही तो कचरा. आणि पैसे मोजून परदेशातून कचरा आणणारा येडा कोण?" त्यामुळे कायद्याला कचरा ठाऊकच नव्हता. विष ठाऊक होतं, त्याला परवाना लागायचा, पण ते पिंपात भरलेलं असेल तर. तेच विष तळाशी चार बोटं उरलं, की कागदावर त्याचं लोखंड व्हायचं. 'धोकादायक कचरा' हे शब्द आपल्या कायद्यात शिरायला अजून पुष्कळ वर्षं होती. तोपर्यंत कशालाच धोका नव्हता.

एकदा बोटीतून जुन्या पिंपांचा मोठा लॉट आला. कस्टमच्या साहेबांनी त्यातल्या एकावर पेन्सिल आपटली. टण्ण आवाज आला. "रिकामं," ते म्हणाले, आणि मी टाइप केलं: लोखंडी पिंपं, जुनी, रिकामी, भंगार. तपासणी संपली. साहेबांना चहा दिला.

आम्ही रत्नागिरीकडचे, भाड्याने राहायचो भाईंदरला खारी गावात. घरमालक तिथले जुने आगरी, त्यांची मिठागरं होती. आम्ही त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकी म्हणायचो. त्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. गावच्या विहिरी एप्रिलमध्येच खारट व्हायच्या, म्हणून हळदीच्या दिवशी बैलगाड्या पाठवून चेणे गावाहून गोडं पाणी आणायचं ठरलं. सगळा गाव आणि वऱ्हाड ते पिणार. पण एवढं पाणी साठवायचं कशात?

मी होते ना! इंग्रजी टाइप करणारी खारीतली एकमेव मुलगी. उंटावर बसायचं तेवढं बाकी होतं. मी ऑफिसातून त्या लॉटमधली चार पिंपं मिळवली आणि मीठ उतरवून परत येणाऱ्या ट्रकातून गावात आणली. काकांनी राख आणि चिंच लावून ती दोनदा घासली. तरी एक गोडसर वास राहिलाच. "परदेशी माल हाय, वास येनारच," काका कौतुकाने म्हणाले. काकी म्हणाली, "काय व्हतं गो यांच्यात?" मी नाक वर करून म्हटलं, "काकी, सरकारी कागदावर रिकामी आहेत. मी स्वतः टाइप केलंय."

हळदीच्या दिवशी दुपारी गाड्या आल्या, पिंपं भरली. काकीने चेण्याच्या विहिरीतले बोटाएवढे मासे एका कळशीत घालून आणवले होते. साठवणीच्या पाण्यात एक मासा सोडायचा, अशी तिकडची रीत. मासा फिरतोय तोवर पाणी आपलं. तिने चारी पिंपांत एकेक सोडला. मी हसले. कस्टमने पास केलेल्या मालाची तपासणी आता मासे करणार!

तासाभराने चारही मासे पोटं वर करून तरंगत होते.

मला वाटतं तेव्हा मंडपातले सगळे माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "गाडीच्या धक्क्यांनी मेले असतील." आयुष्यात पुष्कळ मूर्ख वाक्यं बोलले, पण तेवढं निर्लज्ज दुसरं नाही.

काकीने कळशी माझ्यासमोर धरली. आत उरलेले तीन मासे मजेत फिरत होते. "ह्ये पन त्याच गाडीन आले गो. यांना धक्का न्हाय बसला?"

काका मध्ये पडले. बिचाऱ्यांचा माझ्यावर, म्हणजे कागदावर, फार विश्वास. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड यायचं होतं आणि बैल थकून बसले होते. "पोरगी शिकलेली हाय. कागद काय बोलतो गो?"

"रिकामी," मी म्हटलं. आवाज जरा खाली आला होता.

काकीने पितळी पेला पिंपात बुडवला, भरला आणि माझ्या हातात दिला. "मंग पी तू पयली. तू पिलीस का मी माज्या पोरीला देतो."

नवरी समोरच बसली होती, तोंडाला हळद लावून. मला ताई म्हणायची. सकाळपासून उपाशी होती आणि तिला तहान लागली असावी, कारण ती पेल्याकडेच बघत होती. मी पेला ओठांपर्यंत नेला. तो गोडसर वास नाकात शिरला. आणि मी पेला खाली ठेवला. अजून आठवलं की घाम फुटतो, कारण काकीने पेला मला न देता सरळ तिला दिला असता, तर मी बहुतेक गप्प बसले असते.

चारी पिंपं मिठागराच्या बांधावर नेऊन ओतली. चेण्याचं गोडं पाणी मातीत जाताना बघून गाड्या हाकणारे म्हातारे मला ऐकू जाईल असं बोलत होते. मग काकी घरोघर फिरली आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरातून साठवलेल्या गोड्या पाण्याचा एकेक हंडा आला. लग्न झालं. पाणी कमी पडलं, पण कुणी आजारी पडलं नाही. त्या बांधावर मात्र पुढचे दोन पावसाळे गवताची काडी उगवली नाही.

लग्नानंतर काकांनी केबिन रोडवरच्या भंगारवाल्याला बोलावलं. पिंपं खाडीपलीकडे वसईला जाणार होती. तिकडे पाणी साठवायला गिऱ्हाईक आहे म्हणाला. त्यानेही कडी वाजवल्यासारखं एका पिंपावर वाजवून बघितलं. टण्ण. मग मला विचारलं, "बहनजी, इसमें क्या था?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मला सगळं माहीत होतं. तरी माझ्या तोंडून तेच निघालं, जे बोटं रोज टाइप करत होती. "खाली है."

काकी आत गेली, मिठागरावरची पहार घेऊन आली आणि एकेक पिंप पालथं करून तिने प्रत्येकाच्या बुडाला वीतभर भोक पाडलं. भंगारवाला ओरडत राहिला. तिने पहार भिंतीला टेकवली, कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आता लिव. रिकामी."