न आलेल्या गोष्टींचा रकाना

श्री. परशुराम धुरी यांना मी पहिल्यांदा भेटले ती नोकरीच्या मुलाखतीत, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या कार्यालयात. खालच्या मजल्यावर खोके छापण्याचा कारखाना आहे. त्याचं यंत्र सुरू झालं की वरची टेबलं थरथरतात. मी संख्याशास्त्र शिकलेली, मनोरंजन व्यवसायाशी संबंध नाही. एखादं पात्र लोकप्रिय झालं की त्याचे चित्रपट, खेळणी, दप्तरं असं बरंच काही निघत राहतं. या सगळ्या पसाऱ्याला फ्रँचायझी म्हणतात आणि तो विकत घेण्याआधी त्याचं मूल्य ठरवून देणं हे धुरीसरांचं काम, एवढं मी वाचून गेले होते.

सरांनी परदेशातल्या दोन मोठ्या खरेद्यांचे कागद पुढे सरकवले. एका कंपनीने चित्रपटांची मालिका घेतली होती, दुसरीने व्हिडिओ गेमची. स्वस्तात कुठली पडली, असा प्रश्न होता. मी दोन्ही किमतींना वार्षिक उत्पन्नाने भागलं आणि चित्रपटांची, असं उत्तर दिलं.

"भागाकार झकास," सर म्हणाले. "या चित्रपटांची खेळणी कोण विकणार?"

"नवा मालक."

"पान अकरा बघ."

खेळण्यांचे हक्क आधीच तिसऱ्या कुणाला कायमचे दिलेले होते, असं पान अकरावर लिहिलं होतं. मी ते पान उलटलंच नव्हतं. तरी नोकरी मिळाली. का मिळाली, हे मी अजून विचारलेलं नाही.

दोन खरेद्यांची तुलना करताना आमच्याकडे तक्त्यातला पहिला रकाना किमतीचा नसतो. त्याचं नाव 'न आलेलं'. विकत घेणाऱ्याला जे मिळालं असं वाटतं पण मिळालेलं नसतं, ते तिथे लिहायचं: जुनी गाणी, इतर भाषांमधले हक्क, पात्राचं नाव. तो भरेपर्यंत एकही आकडा लिहायचा नाही, ही सरांची पद्धत. मला ती वेळखाऊ वाटायची आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. सर हो म्हणाले आणि पद्धत चालू राहिली.

पुढे 'कुर्लू'चं काम आलं. कुर्लू हा लहान मुलांच्या कार्टून मालिकेतला खेकडा. तो बनवणारी अंधेरीची संस्था एका मोठ्या कंपनीला विकली जाणार होती आणि आम्ही खरेदीदाराच्या बाजूने होतो. कुर्लू घ्यावा की दुसऱ्या एका संस्थेची यंत्रमानवाची मालिका, हे त्यांना ठरवायचं होतं. माझ्या तक्त्यात कुर्लू सरळ वरचढ ठरला. पहिल्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'काही नाही'.

"मालिका बघितलीस?" सरांनी विचारलं.

"करार वाचला, सर. सर्व हक्क संस्थेकडे आहेत."

"मी मालिकेचं विचारलं. चित्र कोणी काढलं?"

"संस्थेने."

"संस्थेला हात असतात का गं?"

त्यांनी मला पहिला भाग शेवटच्या नामावलीपर्यंत बघायला लावला. 'मूळ चित्र: नलिनी तांडेल'. या नावाचा एकही कागद आमच्या फायलीत नव्हता.

नलिनीताई वयाने सरांच्याच आसपासच्या, वाकोल्यात चित्रकलेचे वर्ग घेतात. कुर्लूची चित्रपुस्तकं त्या स्वतः काढतात, छापून घेतात, वर्गातल्या मुलांना देतात. सर मला घेऊन तिथे गेले. विक्रीची बातमी एव्हाना सगळीकडे छापून आली होती, त्यांनीही ती वाचलेली होती.

"म्हणजे आता माझोच खेकडो मी काढूक नको?" त्यांनी आम्हाला बसा म्हणायच्या आधी विचारलं.

"तसं होऊ नये म्हणूनच आलोय, बाई," सर म्हणाले. "तुम्ही काही लिहून दिलं होतं?"

नलिनीताईंनी ट्रंकेतून एक कागद काढला. संस्थेने सही करून घेतलेली ती एका पानाची परवानगी होती, फक्त दूरचित्रवाणी मालिकेपुरती. "टीव्हीपुरतोच दिलंय. बाकी तो माझोच." पुस्तकं, खेळणी, दप्तरं यांतलं काहीच संस्थेचं नव्हतं, आणि खरेदीदाराला नेमकी दप्तरं हवी होती. आमचा अहवाल होता तसा राहिला असता, तर उद्या नलिनीताईंच्या पुस्तकांवर नोटीस आली असती. कागद त्यांच्या बाजूने होता, पण त्या वयात कोर्टात जाऊन तो दाखवत बसणं त्यांना जमलं नसतं.

माझा तक्ता खरेदीदाराकडे आधीच पोचला होता. सर स्वतः त्यांच्या बैठकीला गेले, मलाही नेलं. "आमच्या कार्यालयाने चुकीचं लिहिलं होतं," त्यांनी पहिलंच वाक्य म्हटलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मग 'न आलेलं'च्या रकान्यातली नलिनीताईंच्या हक्काची नवी ओळ वाचून दाखवली.

तिथले एक तरुण अधिकारी वैतागले. "सर, एका ओळीने सगळ्या डीलची वाट लागेल ना! ती ओळ राहू द्या की बाहेर. कोण बघतंय?"

"मी बघितली ना," सर म्हणाले. "आता न बघितल्यासारखं कसं करू?"

नव्या तुलनेत कुर्लू दुसरा आला. खरेदीदारांनी तरीही तो घेतला, कमी किमतीत आणि फक्त टीव्हीपुरता. नलिनीताईंचा हक्क करारात स्वतंत्र कलम म्हणून लिहिला गेला. त्या कंपनीने आम्हाला पुन्हा काम दिलेलं नाही. त्या बैठकीहून परतताना सर रिक्षात मला म्हणाले होते, "तिथे आमची चूक म्हटलं. इथे सांगतो, तुझी आहे." मला दोन्ही वाक्यं योग्य वाटली.

सरांचं सगळंच मला पटतं असं नाही. एखादं पात्र आणखी किती वर्षं चालेल, हे ते अंदाजाने सांगतात. मी त्यासाठी गणिती प्रारूप वापरते. आमचे आकडे जुळत नाहीत तेव्हा ते दोन्ही अहवालात छापतात, माझ्या आकड्यापुढे माझं नाव घालून. कार्यालयात मी घरचं बोलत नाही आणि ते विचारत नाहीत. आई आजारी होती त्या महिन्यात माझ्या सगळ्या बैठका दुपारनंतरच्या झाल्या. त्या कोणी बदलल्या, हे कोणी सांगितलं नाही.

सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यानिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लिहिते आहे म्हणून गेल्या शनिवारी नलिनीताईंना फोन केला. वर्ग चालू होता, मागे मुलांचा गोंगाट होता. कुर्लूचं नवं पुस्तक अर्धं झालंय, म्हणाल्या. सरांसाठी काही सांगायचंय का, असं विचारलं.

"त्यांका सांग, त्या दिवशी जिन्यात लंगडत होते, तां मी बघितलंय. गुडघो दाखवून घ्या म्हणान सांग. आणि अजून खूप वर्षां जगा म्हणान सांग. पुस्तक पुरा झाला की पयलो मान त्यांचो."

सर, निरोप पोचवला आहे. तो जसाच्या तसा माझाही समजावा.