शाई सुकेपर्यंत

आमच्या शेजारच्या मतदारसंघातले आमदार वारले आणि पोटनिवडणूक लागली. महापालिकेच्या मराठी शाळेतल्या शिक्षिका म्हणजे अशा कामाला हक्काच्या, त्यामुळे माझी ऑर्डर येणार हे मी धरूनच चालले होते.

केंद्र लिंबायतमधल्या एका शाळेत होतं, फक्त बायकांचं. माझं काम सोपं. बाईच्या डाव्या हाताची तर्जनी बघायची, आधीची खूण नाही ना याची खात्री करायची, शाई लावायची आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. मग पुढच्या टेबलावरचे मास्तर तिला मतपत्रिका देणार. मतदानयंत्रं आमच्याकडे अजून आली नव्हती. कागद, रबरी शिक्का आणि पत्र्याची पेटी.

मतदान सुरू व्हायच्या आधी एका उमेदवाराचा माणूस आत आला. पांढरा सफारी, हातात खमणचे पुडे. आमचे केंद्राध्यक्ष बँकेतले, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात घेऊन फिरणारे. त्यांनी पुडा नाकारलाही नाही आणि उघडलाही नाही. सगळ्यांना नमस्कार करत तो माणूस माझ्या टेबलापाशी आला आणि घरातल्यासारखा वाकून गुजरातीत बोलला.

"बेन, आजे आंगळीओ बहु नहीं जोता."

म्हणजे बोटं फार बघत बसू नका. मी शाईची बाटली पुढे ओढली. मग त्याने माझी मुलगी नववीत आहे ना, असं विचारलं. पाण्याच्या टाकीजवळच्या क्लासला जाते, लाल सायकल आहे, हेही तोच म्हणाला. "हुशार आहे हो," असं वर कौतुक केलं आणि गेला.

शाईच्या बाटलीचं बूच मला निघेना. शेवटी मास्तरांनी काढून दिलं.

आम्ही राहत होतो त्या भागात निवडणूक नव्हती, म्हणून क्लासला सुट्टी नव्हती. दुपारी मुलगी एकटीच सायकल काढणार. नवरा कामावर, कापड रंगवणाऱ्या डाईंग हाउसमध्ये. शाळेतला फोन कुलूप लावलेल्या ऑफिसात. दारावरच्या पोलिसाला सांगावं म्हणून उठले, तर त्याच्या हातात तेच खमण. परत येऊन बसले. रांग आत यायला लागली होती.

पहिले काही तास मी फक्त बोटं बघत होते, चेहरे नाही. तिथल्या बायका दुपट्टे छापायच्या टेबलांवर कामाला जाणाऱ्या. कोणाचे हात गुलाबी, कोणाचे हिरवे, नखांच्या कडा तर सगळ्यांच्याच रंगलेल्या. मग एक हात समोर आला. चार बोटं गडद जांभळी आणि तर्जनी तेवढी पांढरी, पाण्यात भिजून सुरकुतल्यासारखी. त्या बोटाला उग्र वास होता. तो मला चांगलाच ओळखीचा, कारण नवऱ्याचे शर्ट मीच धूत होते. कापडावरचा चुकीचा रंग काढायला डाईंगवाले हायड्रोची पावडर वापरतात, तिचा वास. बाहेर कुठेतरी बादली भरून ठेवलेली असणार. शाई ओली आहे तोवर बोट त्यात बुडवायचं आणि दुसऱ्या नावाने पुन्हा रांगेत लागायचं. कापडाचं गाव, त्यांना हेच सुचणार. शाईबरोबर रंगही धुतला जाईल आणि एकच बोट उघडं पडेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मी वर पाहिलं. माझ्याच वयाची बाई, खानदेशातली. खिडकीशी बसलेला त्या उमेदवाराचा एजंट माझ्याकडेच बघत होता.

"ताई, मना बोटले आग व्हई राहिनी," ती हळूच म्हणाली. "लवकर करा."

कोणी पाठवलं, असं मी ओठांतल्या ओठांत विचारलं. मुकादमाने, ती म्हणाली. नाही गेलीस तर उद्या कामावर येऊ नकोस, असं त्याने सांगितलं होतं.

ओरडून सांगावं तर माझी मुलगी त्याच वेळी घरातून निघत असणार. गप्प बसावं तर आणखी असे किती हात येणार कोण जाणे. मी शाईची काडी बुडवली आणि नखावर, नखाच्या मुळाशी, खालच्या कातडीवर जाड रेघ ओढली. मग तिला खिडकीतल्या उन्हात बाकावर बसवलं. ती शाई उन्हाने काळी पडते आणि एकदा काळी पडली की हायड्रोचा बापही ती काढू शकत नाही.

"शाई सुकल्याशिवाय मतपत्रिका द्यायची नाही," मी मास्तरांना मोठ्याने सांगितलं. "नियम आहे."

केंद्राध्यक्षांनी मान हलवली. माझ्याकडे बघायचं मात्र टाळलं.

त्या बाईने नख काळं होईपर्यंत वाट पाहिली. मग उठली, मतपत्रिका न घेताच दाराकडे गेली आणि जाताना ते बोट पदराबाहेर उभं धरलं, मुकादमाला दिसावं असं. आता त्याच्या बादलीत ते पुन्हा पांढरं होणार नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येकीला बाकावर बसवलं. रांग फाटकाबाहेर गेली. आत चार शिव्या आल्या. एजंट बाहेर जाऊन आला आणि त्याच्या मागोमाग सफारीवाला दारात उभा राहिला. बराच वेळ. मी काड्या बुडवत राहिले.

पेटी सील झाल्यावर मला सोडलं. रिक्षावाल्याने पर्वत पाटियाच्या चौकातल्या कोंडीत गाडी बंद करून बिडी काढली, तेव्हा मी त्याला काय काय बोलले ते आता लिहवत नाही. घराला कुलूप होतं. जिन्यात लाल सायकल नव्हती. शेजारच्या काकींचं दार मी हातांनीच बडवलं. आतून मुलीचा आवाज आला, "आई, मी इथं पोहे खातेय." सायकल पंक्चर झाली म्हणून दुकानात टाकली होती. मी तिला काही सांगितलं नाही. पोहे संपव म्हटलं.

पुढे रोज मी तिला क्लासला सोडायला आणि आणायला जात होते. ती वैतागली, मैत्रिणी हसतात म्हणाली. हसू देत, म्हटलं.

त्याच आठवड्यात एकदा क्लास सुटायची वाट बघत उभी होते, तेव्हा स्कूटरवर तो दिसला. सफारी नव्हता, साधा बुशशर्ट. मी पर्स छातीशी धरली. मुली बाहेर पडल्या. माझ्या मुलीच्या खांद्यावर हात टाकून आलेली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी सरळ त्याच्या स्कूटरकडे गेली. "पप्पा, हीच ती, गणितात पहिली आली ती," असं म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच स्वतःच्या मुलीकडे. "बेस, चाल," बस, चल, असं तिला म्हणाला आणि किक मारायला लागला. स्कूटर सुरू होईना. मी तिथेच उभी होते. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता.

दोघी दहावीपर्यंत क्लासात एका बाकावर बसल्या. मी मात्र त्या सगळ्या काळात एकदाही मुलीला एकटीने क्लासला जाऊ दिलं नाही. तोही स्वतःच्या मुलीला आणायला रोज यायचा. आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहायचो.